चार तोंडांचे मिस्त्री

"घाई कुनाला हाय?"

गाडी येऊन दारात थांबली की मिस्त्रींचा पहिला प्रश्न हा. नमस्कार नाही, काय झालंय म्हणून चौकशी नाही. इंजिन चालू ठेवायला सांगायचं, उजवा तळहात बॉनेटवर टेकायचा, डावा हात वर करून सगळ्यांना गप्प करायचं आणि डोळे मिटून घ्यायचे. घाई अर्थातच गाडीच्या मालकाला असायची. पण त्या वर केलेल्या हातापुढे भलेभले गप्प उभे राहत. बऱ्याच वेळानं डोळे उघडून मिस्त्री म्हणत, "बंद करा. आता च्या सांगा."

तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल, ज्याच्याकडे काम घेऊन गेलं की आपणच काहीतरी गुन्हा केल्यासारखं वाटतं. मी तेव्हा सोलापुरातल्या एका कापड गिरणीत कारकून होतो आणि मोटारखातं माझ्याकडे होतं. खातं म्हणजे शेठजींची लांबलचक अमेरिकन गाडी, एक खिळखिळी जीप, एक ट्रक आणि या तिघांची दुखणी. पगार बेताचा, पण मिस्त्री मला 'रावसाहेब' म्हणायचे. सुरुवातीला मी खूश व्हायचो. पुढे लक्षात आलं की ते पंपावर पेट्रोल भरणाऱ्यालाही रावसाहेबच म्हणतात.

त्यांचं नाव सगळ्यांना ठाऊक होतं, पण घेत कुणी नसे. विजापूर वेशीच्या अलीकडे एका बोळाच्या तोंडाशी लिंबाचं झाड होतं, त्याखाली त्यांचं पत्र्याचं शेड. शेजारच्या खोलीत हार्मोनियम दुरुस्त करणारे एक गृहस्थ बसत. दिवसभर इकडे इंजिन घुमायचं आणि तिकडे पेटीचा एकच सूर लांबत राहायचा. दोघांचं आपसांत पटत नसे, कारण दोघांनाही कामाला शांतता लागायची.

मिस्त्री अक्कलकोटकडचे. घरची भाषा कन्नड. आमच्याशी मराठी बोलत, पण कार्बोरेटरशी कन्नड. स्क्रू पिळताना "निधान, निधान" असं पुटपुटत. निधान म्हणजे हळू. मनासारखं झालं की "साकु" म्हणत. साकु म्हणजे पुरे. बायकोशीही ते कन्नडच बोलत. त्यांना जवळचं कोण, हे यावरून ओळखावं.

शहरात गाड्या दुरुस्त करणारे पुष्कळ होते. पण जुन्या, मोठ्या अमेरिकन गाड्यांना चार तोंडांचा कार्बोरेटर असायचा आणि त्याला हात लावायचा तर मिस्त्रींनीच. पेट्रोल आणि हवा यांचं मिश्रण करून इंजिनाला देणारा हा भाग. साध्या गाडीत त्याला एकच तोंड असतं. ही माहिती त्यांनी मला पहिल्याच भेटीत दिली, मी विचारलेलं नसताना.

"हे बघा रावसाहेब, पुढची दोन तोंडं नोकरीवाली. रोज कामाला जानार. मागची दोन सनावारापुरती. चढ लागला, ट्रक मागं टाकायचा झाला, पाय पुरा दाबला, की मागची दोन उघडत्यात. पर ती उघडली हे आत बसलेल्याला कळाया नको. कळलं तर मग मिस्त्री कसला?"

स्क्रू हातात घेण्याआधी ते गाडी चालवणाऱ्याच्या शेजारी जाऊन बसत आणि म्हणत, "चपला काढा." बूट असतील तर बूट. मोजे असतील तर मोजेसुद्धा. चामड्यातून गाडी कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. मग होटगी रोडनं एक चक्कर व्हायची. या चक्करीत मिस्त्री रस्त्याकडे एकदाही बघत नसत. त्यांचं लक्ष फक्त त्या उघड्या पायाकडे. पाय कधी दाबतो, कसा सोडतो, दाबताना अंगठा आधी जातो की चवडा, हे बघून आल्यावर ते कार्बोरेटर त्या पायासाठी लावून देत. त्यामुळे त्यांनी लावलेली गाडी दुसऱ्या कुणी चालवली की ती नाटकं करायची आणि मालकाला वाटायचं, गाडी आपल्यावर किती जीव लावते!

एकदा कांद्याचे एक अडते आले. गाडी धक्के मारते, अशी तक्रार. चक्कर मारून आल्यावर मिस्त्री खाली उतरले आणि हात पुसत म्हणाले, "गाडीला काय झालेलं न्हाय."

"मग हे धक्के कसले?"

"ते तुमचं हायत. घरात काय झालंय का?"

अडते लालबुंद झाले आणि तरातरा निघून गेले. आठवड्यानं परत आले ते पेढ्यांचा पुडा घेऊन. मुलाशी वाजलं होतं म्हणे, ते मिटलं. गाडीचे धक्के गेले की नाही, हे मात्र त्या गडबडीत कुणीच विचारलं नाही.

इतक्या गाड्या त्यांनी लावल्या, पण मिस्त्री मागच्या सीटवर कधी बसल्याचं मी पाहिलं नव्हतं. "मागं बसून काय कळतंय?" म्हणायचे. मागे बसणाऱ्याला काही कळू नये, यासाठीच तर त्यांची सगळी खटपट असायची.

मग ते वर्ष आलं. कुठेतरी लांब परदेशात काहीतरी बिनसलं आणि आमच्याकडे पेट्रोलचा भाव असा चढला की मिरवायच्या गाड्या झाकून ठेवायची वेळ आली. ज्यांना झाकून ठेवता येत नव्हत्या ते मिस्त्रींकडे येऊ लागले. सगळ्यांचं मागणं एकच, मागची दोन तोंडं बंद करा. मिस्त्री बारीक तार घेत आणि ती दोन झाकणं उघडणारच नाहीत अशी बांधून टाकत.

मी कामावरून घरी जाताना विचारायचो, "मिस्त्री, आज काय केलं?"

"दोन तोंडं बांधली."

दुसऱ्या दिवशी विचारलं तरी तेच. नंतर नंतर मी विचारणं सोडलं. पुढे तर लोक इंजिनच काढून त्या जागी डिझेलचं बसवू लागले. अशी एखादी गाडी बोळातून गेली की मिस्त्री मान वर न करता हातातला कप खाली ठेवत. ते थकत चालले होते. कामानं थकलेला माणूस रात्रीची झोप झाली की ताजा होतो. हे तसलं थकणं नव्हतं. जे उघडण्यात सगळी उमेद गेली ते आता रोज स्वतःच्या हातानं बांधायचं होतं. मला त्यांच्याकडे बघून वाईट वाटायचं.

आमच्या शेठजींचा निरोपही शेवटी मीच नेला. मागची दोन बंद करा आणि पुढच्या दोघांचंही पेट्रोल कमी करा. मिस्त्रींनी पेट्रोल यायची भोकं डाख देऊन बुजवली आणि सुईनं पुन्हा पाडली, पहिल्यापेक्षा बारीक. झाकण लावताना म्हणाले, "रावसाहेब, ही आता उपाशी हाय. उपाशी मानूस उठताना झोकांडी खातो, तशी खाईल. चालंल न्हवं?"

शेठजींना चालणार होतं. ते मागे बसून वर्तमानपत्र वाचत.

आता अक्कांबद्दल सांगायला हवं. अक्का म्हणजे मिस्त्रींची बायको. आम्ही सगळे त्यांना अक्काच म्हणत असू. पूर्वी दुपारी त्या शेडवर भाकरी आणि शेंगांची चटणी घेऊन यायच्या आणि मी तिथे असलो तर माझ्याही हातावर अर्धी भाकरी ठेवायच्या. पुढे त्यांचं येणं बंद झालं. मणक्याला क्षय झाला होता. लाकडी फळीवर उताणं पडून राहायचं, कुशीवर वळायचं तरी दोघांनी धरून वळवायचं. अधूनमधून मिरजेच्या दवाखान्यात दाखवायला न्यावं लागे. रेल्वेनं न्यायचं तर कुर्डुवाडीला उतरून छोट्या लाइनची गाडी पकडायची, म्हणजे फलाटावरून उचलून न्यायचं. ते एकदा करून बघितलं आणि पुन्हा करायचं नाही असं ठरलं. शेठजींचा मिस्त्रींवर लोभ होता. ते म्हणाले, आमची गाडी न्या. तिची मागची सीट एवढी ऐसपैस, की अक्का तिच्यावर सरळ झोपू शकत. शेठजींचे ड्रायव्हर इस्माईलभाई गाडी चालवायचे, मिस्त्री त्यांच्या शेजारी बसायचे. अशा दोन-तीन खेपा सुखरूप झाल्या.

गाडी उपाशी केल्यानंतरच्या खेपेला दवाखान्यातली धावपळ करायला मीही बरोबर, पुढच्याच सीटवर होतो. सोलापूर सुटेपर्यंतच काय ते कळलं. गाडी कुठे थांबली आणि पुन्हा निघाली, की आधी श्वास अडकल्यासारखी व्हायची आणि मग हिसका देऊन उडी घ्यायची. आम्हां बसलेल्यांना त्याचं काही नव्हतं. मागे झोपलेल्या अक्का मात्र प्रत्येक हिसक्याला किंचाळत. मंगळवेढ्याच्या अलीकडे किंचाळण्याचंही बळ संपलं, तेव्हा त्या नुसतं "री" म्हणू लागल्या. कन्नड बायका नवऱ्याला अशीच हाक मारतात. रस्त्यात बैलगाडी आडवी आली, हिसका, "री". रेल्वेचं फाटक, हिसका, "री". मिस्त्री मागे वळून बघत नव्हते. या गाडीची तोंडं त्यांनीच बांधली होती.

परत आल्यावर अक्कांनी सांगून टाकलं, "मला हितंच ऱ्हाऊ द्या. पर त्या गाडीत घालू नगा." डॉक्टर तर म्हणाले होते की उपचार अर्धवट सोडाल तर हातची जाईल. पुढची खेप चुकवून चालणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळचा भोंगा व्हायच्या आत मिस्त्री गिरणीच्या फाटकापाशी येऊन उभे होते. "रावसाहेब, तिची तोंडं सोडू द्या."

मी शेठजींकडे गेलो. शेठजींनी त्याच आठवड्यात डिझेल इंजिनाचं ठरवलं होतं. ते माणूस वाईट नव्हते, पण दमले होते. "गिरणीलाच धाप लागलीय, तुम्ही गाडीचं काय घेऊन बसलात?" म्हणाले. मग जरा नरमून म्हणाले, "मिस्त्रींना सांगा, काय करायचं ते करू दे. पण आत्ता पिते त्याहून थेंबभर पेट्रोल जास्त लागलं, तर दिवाळीनंतर डिझेल."

म्हणजे पेच असा होता. पेट्रोल वाढवलं तर हिसके जाणार, पण गाडीला डिझेल बसणार, आणि डिझेलच्या हादऱ्यांत अक्कांना नेणं शक्यच नाही. पेट्रोल आहे तेवढंच ठेवलं तर गाडी राहणार, पण हिसकेही राहणार. मी मिस्त्रींना हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. खिशातून तंबाखू काढली, चोळली आणि न खाताच टाकून दिली.

त्यानंतर रोज दुपारी, शेठजी जेवून झोपले की, आम्ही गाडी बाहेर काढू लागलो. इस्माईलभाई चालवायला, मी शेजारी, आणि मिस्त्री मागे. मागे बसलेले नव्हे, झोपलेले. अक्का झोपायच्या तसेच उताणे, पाय लांब करून, डोळे मिटून. छातीवर पाण्यानं काठोकाठ भरलेला पितळी तांब्या. अक्कांना वाटेत घोटघोट पाणी लागायचं, त्यासाठी नेहमी बरोबर असायचा तोच हा तांब्या. तो छातीवर दोन्ही हातांनी धरून मिस्त्री म्हणत, "चला."

पहिल्या दिवशी होटगी रोडवरून परत आलो तेव्हा त्यांचा शर्ट चिंब भिजला होता. दुसऱ्या दिवशीही. एकदा आम्ही झाडाखाली थांबलो असताना एक गाडीवान बैलगाडीतून उतरला, आत डोकावला, मागच्या सीटवर आडवा पडलेला माणूस आणि त्याच्या छातीवरचा तांब्या बघून त्यानं टोपी काढली आणि हात जोडले. मिस्त्रींनी पडल्या पडल्या एक डोळा उघडून त्याला म्हटलं, "रामराम." तो बिचारा बैल तिथेच सोडून पळायचा तेवढा बाकी राहिला.

चक्करीवरून आलं की मिस्त्री ओल्या शर्टानंच कार्बोरेटर उघडून बसत. अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दाबला की आतला एक छोटा पंप पेट्रोलची चूळ टाकतो आणि उपाशी इंजिनाला उठायला हात देतो. त्या पंपाचं चामडं वाळून कडक झालं होतं आणि तसं चामडं आता मिळत नव्हतं. मिस्त्रींनी सुटकेसचं चामडं लावून बघितलं, जोड्याचं बघितलं. शेवटी शेजारचे पेटीवाले न बोलावता उठून आले आणि भात्याच्या मऊ चामड्याचा तुकडा त्यांच्यापुढे ठेवून परत गेले. मिस्त्रींनी तो एरंडेलात भिजवून कापला. तेव्हापासून शेजारी पेटीचा सूर लागला की मिस्त्री इंजिन बंद करून थांबत.

शर्ट आता निम्माच भिजू लागला. राहिलेलं निम्मं मात्र कार्बोरेटरमध्ये नव्हतं, आणि ते कुठे आहे हे आम्हां तिघांनाही कळून चुकलं होतं.

इस्माईलभाई म्हणजे शेठजींच्या वडिलांपासूनचे ड्रायव्हर. मेंदी लावलेली दाढी, इस्त्रीचा पायजमा आणि करकर वाजणाऱ्या जाड चपला. त्या चपला ते गाडीतही काढत नसत. शेठजींचा ड्रायव्हर अनवाणी बसलेला चांगला दिसत नाही, असं त्यांचं मत. मिस्त्रींनीही आजवर त्यांना कधी टोकलं नव्हतं; दोघं एकाच वयाचे, एकमेकांचा मान ठेवून असायचे. पण आता मागून रोज सूचना यायला लागल्या. हलकं. सोडताना हलकं. आणि एके दिवशी आवाज आला, "इस्माईलभाई, चपला काढा की."

इस्माईलभाईंनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. "मेरे पाँव कू क्या हुवा, मिस्त्री? इतके साल गाडी चलाया, कायकू शिकवताय मला? नक्को. दुसरा डायवर बघा."

मिस्त्री मागे तसेच पडून होते. पाणी सांडून गळ्यापर्यंत गेलं होतं. म्हणाले, "तुमाला कोन शिकवनार? मी हितं झोपलोय, पर माज्या जागी ती हाय असं समजा. तांब्या न्हाय, ती."

 इस्माईलभाईंनी वाकून चपला काढल्या, सीटखाली सारल्या आणि गाडी चालू केली. त्यानंतर मागून एकही सूचना आली नाही.

ज्या दिवशी शर्ट कोरडा राहिला त्या दिवशी मिस्त्री गाडीतून उतरून दोन्ही हात लांब करून आमच्यापुढे उभे राहिले. "बघा, हात लावून बघा." मी हात लावून बघितला. इस्माईलभाईंनीही बघितला. पेटीवाले दारात आले होते, त्यांनाही बघायला लावला. मग मी आणि इस्माईलभाई मोजून पेट्रोल घालून मोहोळपर्यंत जाऊन आलो. गाडी हिसके देताना लागायचं तेवढंच लागलं होतं. शेठजींना सांगितलं तर "बरं" म्हणाले.

अक्कांची समजूत घालायला आणखी काही दिवस गेले. शेवटी कंबर तलावापर्यंत नुसतं फिरवून आणतो, आवडलं नाही तर परत, अशा बोलीवर त्या तयार झाल्या. तलावाला वळसा घालून आल्यावर म्हणाल्या, "गाडी बदललीसा व्हय?" मिस्त्री इंजिनकडे गेले आणि झाकण उघडून उगाचच आत बघत उभे राहिले.

मिरजेच्या त्या खेपेत सांगोला मागे पडल्यावर मिस्त्री एकदम ओरडले, "थांबवा!" इस्माईलभाईंनी हळूच गाडी थांबवली. मागून बराच वेळ आवाज आला नव्हता. कण्हणं नाही, 'री' नाही. मिस्त्री वळून सीटवर गुडघे टेकून मागे बघू लागले, आणि मग मीही बघितलं. अक्का झोपल्या होत्या. तोंड किंचित उघडं होतं आणि घोरत होत्या.

मिस्त्री सरळ होऊन बसले. मग म्हणाले, "घरी झोपत न्हाय हो. दोन वर्सं झाली, सलग झोपली न्हाय."

दवाखान्यात त्यांना ठेवून घेतलं. ऑपरेशन करावं लागणार होतं. अक्कांची धाकटी बहीण गावाहून येऊन सोबत राहिली. आम्ही तिघं संध्याकाळच्या आत परतायचं म्हणून लगेच निघालो आणि मिस्त्री, पहिल्यांदाच, कुणी न सांगता मागे जाऊन बसले. खिडकीला डोकं टेकून तेही झोपले. इस्माईलभाईंनी आरशातून बघितलं आणि अनवाणी पाय आणखी हलका केला.

गाडीचं पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकतो. दिवाळीनंतर तिला डिझेल बसलंच. कबूल केलेलं शेठजी विसरले नव्हते, पण मिस्त्रींनीच निरोप पाठवला की आता बसवा, हरकत नाही. निघालेला कार्बोरेटर मी त्यांना द्यायला गेलो. त्यांनी तो मांडीवर घेतला, तार सोडली, मागच्या दोन तोंडांची झाकणं अंगठ्यानं उघडली, मिटली आणि मला परत दिला. मी तो पेटीवाल्यांकडे ठेवला. वर्ष संपायच्या आत मिस्त्री शेड रिकामं करून गावी, भावाकडे निघून गेले. पुन्हा दिसले नाहीत. लिंबाखाली नंतर एक सायकलवाला बसू लागला. त्याला घाई असायची.

मला आठवतो तो मिरजेहून परतीचा शेवटचा रस्ता.

ऑपरेशननंतर अक्का सावरल्या नाहीत. निरोप आला आणि आम्ही पुन्हा तिघं गेलो. पांढऱ्या चादरीत गुंडाळलेल्या अक्कांना मागच्या सीटवर ठेवलं. बहीण त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली. दवाखान्यातल्या बाईंनी अक्कांचं बोचकं आणि तांब्या मिस्त्रींच्या हातात दिला. मिस्त्री तांब्या घेऊन अंगणातल्या नळावर गेले, तो धुतला, काठोकाठ भरला आणि आणून मागे अक्कांच्या पायाशी ठेवला. दर खेपेला निघताना ते असंच करत. 

इस्माईलभाई गाडीत बसले, चपला काढल्या, सीटखाली सारल्या.

मिरज सोडल्यावर थोड्या वेळानं मिस्त्री म्हणाले, "इस्माईलभाई, चपला घाला. आता कुनाला काय लागनार हाय?"

इस्माईलभाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. समोरून ट्रक आला तेव्हा त्यांनी वेग कमी केला तो कळलासुद्धा नाही.

सांगोल्याला इंजिनात पाणी घालायला थांबलो. अक्कलकोटकडची सगळी माणसं घरी जमली असणार, दिवस मावळायच्या आत माती द्यायची होती. मिस्त्री पुन्हा म्हणाले, "लोकं वाट बघत्यात. घाई हाय हो. दाबा पाय."

त्यांच्या तोंडून हा शब्द असा मी पहिल्यांदाच ऐकत होतो. इस्माईलभाईंनी त्यांच्याकडे बघितलं, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बसा, मिस्त्री. पोचतो वेळेत."

गाडी निघाली. निघाली हे मला झाडं मागे जायला लागली तेव्हा समजलं. मिस्त्रींनी सवयीनं तळहात समोरच्या पत्र्यावर टेकला आणि डोळे मिटले. मंगळवेढा गेलं, नदीचा पूल गेला. एरवी त्यांचा डावा हात वर असायचा. आज तो मांडीवर पडून होता आणि तरीही आम्ही सगळे गप्प होतो. मला रडू येत होतं ते मी खिडकीकडे तोंड करून लपवलं.

दारात माणसं उभी होती. गाडी थांबली तशी बायकांचा आकांत सुरू झाला. चौघांनी मिळून अक्कांना अलगद बाहेर काढलं आणि आत नेलं. बहीण मागोमाग गेली. मिस्त्री सगळ्यांत शेवटी मागच्या दाराशी आले, आत वाकले आणि तांब्या उचलून घेतला.

तो काठोकाठ भरलेला होता. सीटखालची चटईसुद्धा कोरडी होती.

दोन्ही हातांत तांब्या धरून मिस्त्री तिथेच उभे राहिले. तो कुठे ठेवावा हे त्यांना कळत नव्हतं. आतून कुणीतरी हाक मारली, पुन्हा मारली, तेव्हा ते पाणी सांडू न देता हळूहळू पायऱ्या चढले. ते दिसेनासे होईपर्यंत इस्माईलभाई स्टीअरिंगमागे बसून होते. मग वाकून त्यांनी सीटखालून चपला काढल्या आणि पायांत घातल्या.